गच्चीवरची चिवळ : बाबांच्या खोलीवरच्या चोवीस कॅरेटच्या नोंदी

२ फेब्रुवारी

अकोल्यात थंडी आता पहाटेपुरतीच उरली आहे. आज दुपारी कपडे काढायला गच्चीवर गेले तर अनवाणी उभं राहवेना. फेब्रुवारीतच ही गत, म्हणून आजपासून काम सुरू.

बाबांची खोली घराच्या पश्चिम टोकाला, थेट स्लॅबखाली आहे. दम्यामुळे कूलरची ओल त्यांना सोसत नाही. मागच्या मे महिन्यात रात्री अकराला स्टुलावर चढून छताला हात लावला होता, तेव्हाही ते कोमट नव्हतं, गरम होतं. चुना मारून झाला, तो पहिल्या पावसात वाहून गेला. हिरवी जाळी बांधली, ती एप्रिलच्या वावटळीत फाटली. यंदा स्लॅबवर झाडांचं पांघरूण घालायचं आहे.

पहिला प्रश्न वजनाचा. ओळखीच्या एका सिव्हिल इंजिनिअर काकांना घरी बोलावलं. त्यांनी सांगितलं की माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी आय.एस. ८७५ या मानकात दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो भार धरतात. दहा सेंटीमीटर जाडीची साधी माती पावसात भिजली की एकटीच त्याच्या पुढे जाते. आपली काळी माती तर नकोच, ती पाणी धरून बसते. काका म्हणाले, "पाच सेंटीमीटरच्या वर जाऊ नको, आणि तेही हलकं मिश्रण घे."

पाच सेंटीमीटरमध्ये मोगरा येत नाही, हिरवळही टिकत नाही. इथे कामाची ती पानातच पाणी साठवणारी, मुळं वरच्या वर ठेवणारी आणि सरपटत जाऊन माती झाकणारी झाडं.

९ फेब्रुवारी

बाजार समितीच्या बाहेर टोमॅटोचे जुने कॅरेट विकत मिळतात. फुटक्या कडांचे चोवीस आणले. भावानं ग्राइंडरनं ते चार इंच उंचीवर कापून दिले. एक कॅरेट ५४ बाय ३६ सेंटीमीटरचं, म्हणजे चोवीस कॅरेटनी साडेचार चौरस मीटरच्या थोडं वर जागा झाकेल. खोलीचं छत त्याच्या दुपटीहून मोठं आहे, पण अर्धी बाजू उघडी ठेवली तर तुलना करता येईल. म्हणून झाकायला पश्चिमेचीच बाजू निवडली.

मिश्रण असं : दोन भाग विटांचा चुरा (वीटभट्टीवर फुटक्या विटा मागितल्या, फुकट मिळाल्या), एक भाग जाड रेती, एक भाग कोकोपीट, अर्धा भाग जुनं शेणखत. तळाला शेडनेटचा तुकडा. एक कॅरेट पाच सेंटीमीटर भरलं, पाणी निथळेपर्यंत भिजवलं आणि धान्याच्या काट्यावर ठेवलं. तेरा किलो. म्हणजे चौरस मीटरला सत्तर किलोच्या आत. काकांना फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "चालते."

प्रत्येक कॅरेट अर्ध्या विटांच्या चार तुकड्यांवर उचलून ठेवणार. खालून वारा खेळला पाहिजे आणि पाणी स्लॅबवर साचता कामा नये.

१६ फेब्रुवारी

रोपं आणली. आमच्याकडे ज्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात ती चाळीस रोपं, गुलाबी, पिवळी, केशरी. दहाच्या सुमाराला उमलतात म्हणून ते नाव. कुणी त्यांना चिनी गुलाब म्हणतं. त्यात दोन जाती निघाल्या. एकीची पानं सुईसारखी बारीक, ती पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा, मूळची दक्षिण अमेरिकेतली. दुसरीची पानं रुंद आणि चपटी. रोपवाटिकेत दोन्ही एकाच नावानं विकतात.

शिवाय सेडम या जाड पानांच्या, पानात पाणी साठवणाऱ्या झाडाच्या सहा कुंड्या घेतल्या. जर्मनीत घरांच्या छतांवर इंच-दोन इंच मातीत सेडम लावतात. तिकडचे फोटो पाहिल्यापासून ते आपल्या गच्चीवर हवं, असं फार मनात होतं.

२० फेब्रुवारी

एका रोपाची पिशवी फाडली आणि हात थांबला. मुळांवर कापसासारखे पांढरे ठिपके. मुळावरचा पिठ्या ढेकूण. बाकीच्या पिशव्या उघडल्या, चाळीसपैकी अकरा रोपांना तो होता. वरून सगळी टवटवीत. रोपवाटिकेत पिशवी उलटी करून मुळं बघायला हवी होती.

ती मुळं टिकवण्यात अर्थ नव्हता. सगळ्या रोपांच्या वरच्या तीन-तीन इंचाच्या फांद्या कापून घेतल्या. मुळं आणि कोकोपीट पिशवीत बांधून घंटागाडीत दिलं. या कुळाचं हे फार मोठं सुख आहे : मूळ गेलं तरी फांदी पुरते.

खालची पानं काढून फांद्या वर्तमानपत्रावर सावलीत पसरल्या आहेत. काप सुकू द्यायचा. ओला काप ओल्या मातीत गेला की बुरशी तिथूनच शिरते.

२२ फेब्रुवारी

बारा कॅरेटमध्ये ऑफिस टाइमच्या फांद्या लावल्या, चार-पाच इंचांवर एक. पाणी दोन दिवसांनी द्यायचं. आईला हे पटत नाही. ती म्हणते, "लेकराले उपाशी ठेवून राहिली."

२ मार्च

आजचा दिवस मामांच्या शेतात गेला. चिवळ ही रानभाजी आणायची होती. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामी ओंजळ-ओंजळ खुडून आणायची. आज दोन तास बांध धुंडाळला. मामा म्हणाले, "तणनाशकानं बांधावरचीबी गेली. पण कांद्याच्या वाफ्यात पाहा, तिथं आम्ही हातानं निंदतो." कांद्याच्या सऱ्यांमध्ये जिथे पाण्याचा पाझर होता तिथे ती सापडली. जमिनीला अंग लावून, चटईसारखी.

चिवळ म्हणजे पोर्टुलाका क्वाड्रिफिडा. ऑफिस टाइमची आणि घोळीची सख्खी नातेवाईक. ओळख पक्की करण्यासाठी लिहून ठेवते. दोरीएवढी बारीक, लालसर फांदी. पानं समोरासमोर, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, जाडसर. प्रत्येक पेराला पांढऱ्या केसांचा झुपका. फूल पिवळं, चार पाकळ्यांचं. नावातला 'क्वाड्री' तिथून आला. घोळीची पानं मोठी, गुळगुळीत, फांदी बोटाएवढी जाड होते आणि फुलाला बहुधा पाच पाकळ्या असतात. चिवळ प्रत्येक पेराला मूळ सोडते, घोळ तसं सहसा करत नाही. गच्चीसाठी हा फरक मोलाचा आहे, कारण पेरापेराला रुजलेली चटई वाऱ्यानं उलटत नाही.

एक सावधगिरी. त्याच वाफ्यात लहान दुधी नावाचं तण पसरलेलं होतं. लांबून पाहिलं तर ती चिवळच वाटते. फांदी मोडून पाहायची. पांढरा चीक आला तर ती दुधी, खायची नाही. चिवळीतून नुसतं पाणी येतं. मामींनी भाजी निवडायला शिकवताना सगळ्यात आधी हेच शिकवलं होतं, आणि आजही त्यांनी माझ्या टोपलीतून दोन काड्या मोडून पाहिल्याच.

५ मार्च

चिवळीचे तुकडे बारा कॅरेटवर नुसते पसरले आणि वर चिमूटभर रेती टाकली. खड्डा नाही, काठी नाही. ऑफिस टाइमच्या फांद्यांना हलकं ओढून पाहिलं, धरून बसल्या आहेत. अकरा दिवसांत मुळं.

१९ मार्च

पहिलं गुलाबी फूल सकाळी ९:२० ला उमललं, दुपारी अडीचपर्यंत मिटलं. उद्या ते पुन्हा उमलणार नाही. एका फुलाचं आयुष्य एका दिवसाचं. काल ढग होते तर एकही कळी उघडली नाही.

बाबा आज पहिल्यांदा जिना चढून वर आले. मध्ये दोनदा थांबले, पण आले. फुलावर लहान मधमाशी होती. त्यांना मी एक गंमत दाखवली : गवताची काडी घेऊन फुलातल्या पुंकेसरांना एका बाजूनं हळूच स्पर्श करायचा. पुंकेसर त्याच बाजूला झुकतात, डोळ्यांदेखत. मधमाशी शिरली की ते तिच्या अंगावर कलतात आणि तिला पराग माखतो. बाबांनी आठ-दहा फुलांवर करून पाहिलं. मग म्हणाले, "याले जीव आहे हे माहीत होतं, पण असा माहीत नव्हता."

८ एप्रिल

सेडम गेलं. सहाही कुंड्या. आधी पानं काचेसारखी झाली, मग बुडातून गळाली. सावलीत ठेवल्या होत्या, पाणी जपून दिलं होतं. कारण मला असं दिसतं की त्या झाडाला दिवसाच्या उन्हापेक्षा इथली रात्र सोसली नाही. स्लॅब दिवसभराची धग रात्रभर सोडत राहतो आणि मुळं पाच सेंटीमीटरवर असतात. जर्मनीतल्या छताला रात्रीचा गारवा मिळतो. पुस्तकात पाहिलेलं झाड आणायच्या आधी आपल्या बांधावर काय वाढतं ते पाहायला हवं होतं.

२१ एप्रिल

चिवळीचं एक कॅरेट माझ्या हातून मेलं. कॅरेट क्रमांक १७. त्याचा कोपरा सुकलेला दिसला म्हणून सलग चार दिवस संध्याकाळी झारीनं पाणी दिलं. पाचव्या दिवशी मधली चटई पिवळी, मग तपकिरी. हात लावला तर फांद्या चिकट, आणि कुजल्याचा वास. शेजारच्या १६ आणि १८ ला मी विसरले होते, ती दोन्ही छान आहेत.

भाजीवाल्या मावशी दारावर आल्या तेव्हा त्यांना वर नेऊन दाखवलं. त्यांनी खाली बसून मातीत बोट घातलं. "कायले एवढं पाणी टाकतं वं? हे पाण्याची भाजी नाही, उन्हाची हाये. माती वाळली की याले पाणी दे, अन् पान मऊ पडलं की दे. त्याच्या आधी नको देऊ."

आजपासून नियम तोच. चिवळीचं पान दोन बोटांत दाबायचं. कडक असेल तर पाणी नाही. मऊ लागलं, किंचित सुरकुतलं, तर संध्याकाळी पाणी, कॅरेटच्या तळातून पहिले थेंब पडेपर्यंतच.

३ मे

पहिली भाजी. आठ कॅरेटमधून कात्रीनं वरवरचे शेंडे कापले, मुळासकट उपटायचं नाही. त्यानं फुटवे वाढतात, चटई दाट होते. वजन अर्धा किलोला थोडं कमी भरलं.

निवडणं आणि धुणं हेच या भाजीचं खरं काम. आईनं चार पाण्यांतून काढली तरी पाचव्या पाण्यात रेती आलीच. मग लसूण, लाल मिरची, भिजवलेली मुगाची डाळ, वरून चिवळ, झाकण नाही. ज्वारीची भाकरी. आंबटसर, किंचित खारट, आणि मधूनच दाताखाली फुटणारा तो गर. बाबांना काही वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. या कुळातल्या भाज्यांत ऑक्झॅलिक आम्ल बरंच असतं, म्हणून त्यांना दोनच घास, तेही दह्याबरोबर. दह्यातल्या कॅल्शियमला ते आम्ल पोटातच बांधलं जातं. त्यांनी दोन घास खूप वेळ खाल्ले.

ऑफिस टाइमच्या कॅरेटमधलं काही खायचं नाही. रोपवाटिकेत त्यावर काय फवारलं होतं ते आपल्याला माहीत नाही.

६ मे

मोजमाप. दुपारी तीन, सावलीत ४३ अंश. बंदुकीसारखा लेझरवाला तापमापक शाळेच्या प्रयोगशाळेतून एका दिवसासाठी आणला.

उघडा स्लॅब ६१. ऑफिस टाइमच्या कॅरेटखालचा स्लॅब ४१. चिवळीच्या कॅरेटखालचा ४१.५. आणि मुद्दाम झाडाशिवाय ठेवलेल्या, नुसतं मिश्रण भरलेल्या कॅरेटखालचा (मेलेलं १७ नंबर) ४४.

हा शेवटचा आकडा बघून मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. वीस अंशांपैकी सतरा अंशांचं काम सावली, मिश्रणाचा थर आणि खालचा वारा करतो आहे. झाडाचा वाटा तीन अंशांचा. पण १७ नंबरचं मिश्रण पंधरा दिवसांत अर्ध्या सेंटीमीटरनं खाली गेलं आहे. कोकोपीट वाऱ्यानं उडून शेजाऱ्यांच्या पापडांवर पडलं. झाड नसलेली माती गच्चीवर एक उन्हाळा काढू शकणार नाही. तेव्हा झाड हवंच, पण थंडावा सगळा पानांमुळे येतो असं मी कुणाला सांगणार नाही.

बाबांच्या खोलीत : झाकलेल्या बाजूचं छत ३७, उघड्या बाजूचं ४२. बाबांनी काही न बोलता खाट पश्चिमेच्या भिंतीकडे ओढून घेतली आहे. गेली वीस वर्षं ती पूर्वेला होती.

१४ मे

आंबटपणाचा प्रयोग. कडेच्या एका कॅरेटमध्ये मातीबरोबर आलेली घोळ आपोआप उगवली आहे. तिला आठ दिवस पाणी दिलं नाही. आज पहाटे साडेपाचला एक पान खाल्लं, संध्याकाळी पाचला त्याच फांदीचं दुसरं. पहाटेचं पान चिंचेच्या पाल्यासारखं आंबट, संध्याकाळचं जवळजवळ पांचट. बाबांना आणि आईला न सांगता दिलं, दोघांनीही हेच सांगितलं.

कारण फार सुंदर आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्या वाटेनं पाणी उडून जातं. घोळीला पाणी मिळत असेल तेव्हा ती ज्वारी, मका, ऊस यांच्या रीतीनं काम करते. कडक उन्हातही कमी पाण्यात जास्त अन्न. पाणी तुटलं की ती निवडुंगाची रीत धरते. छिद्रं रात्री उघडते, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पानात साठवते आणि दिवसभर दारं बंद करून तो वापरते. म्हणून पहाटे पान आंबट. या दोन्ही रीती एकाच झाडात असणं वनस्पतींमध्ये फार दुर्मीळ आहे, आणि ते झाड आपण शेताबाहेर उपटून फेकतो.

गच्चीसाठी याचा अर्थ असाही निघतो की अगदी कोरडं ठेवलं तर झाड जगेल, पण दिवसा दारं बंद असल्यानं पाणी उडून येणारा थंडावा मिळणार नाही. पाणी जास्त दिलं तर १७ नंबर. आता पाणी तीन दिवसांआड, सूर्य मावळल्यावर, एका कॅरेटला दीड लिटर.

२८ मे

नवतपा सुरू होऊन तीन दिवस झाले. सावलीत ४५. ऑफिस टाइमची रुंद पानांची जात दुपारी मलूल पडते, पहाटे पुन्हा उभी राहते. फुलं लहान झाली आहेत. बारीक पानांची जात जास्त चिवट. चिवळीची पानं लाल झाली आहेत, अगदी विटेच्या रंगाची. आई घाबरली. तो उन्हापासून बचावाचा रंग आहे. या कुळात तो बीटाच्या रंगद्रव्यांच्या जातीचा असतो, जांभळाच्या नाही. पाणी वाढवलं नाही.

चिमण्या सकाळी येऊन कोवळे शेंडे तोडतात. मातीच्या परळात पाणी भरून कठड्यावर ठेवल्यापासून तोडणं कमी झालं. त्यांनाही ओलच हवी होती.

९ जून

मृगाचा पहिला पाऊस, वीस मिनिटं. कॅरेट निथळली, स्लॅबवर पाणी थांबलं नाही. रात्री बाबांना पंख्याशिवाय झोप लागली.

२ जुलै

सहा दिवस झड. ऑफिस टाइमच्या बारापैकी सात कॅरेटमध्ये बुडं काळी. फांदी वर हिरवी दिसते, उचलली की हातात येते. चिवळीच्या अकरापैकी दोन गेली. तिची मुळं पेरापेराला असल्यामुळे एक जागा कुजली तरी पुढचा तुकडा स्वतःच्या मुळांवर उभा राहतो.

मिश्रणात चूक झाली. कोकोपीटचा एक भाग आपल्या पावसाला जास्त आहे. पुढच्या वेळी अर्धाच, आणि त्या जागी विटांचा चुरा.

४ जुलै

वाचलेल्या फांद्यांचे शेंडे कापून, दोन दिवस सुकवून, ओसरीवर पत्र्याखाली तीन परातींत लावले. प्रत्येक रंगाच्या निदान पाच फांद्या. गच्चीवरच्या कॅरेटना एका बाजूनं विटेचा आणखी एक तुकडा लावून उतार दिला. हे जूनमध्येच करायला हवं होतं.

२३ जुलै

पानांच्या बेचक्यात पुन्हा पिठ्या ढेकूण, या वेळी वरच. आधी मुंग्यांची रांग दिसली; ढेकणाच्या गोड द्रवासाठी मुंग्या त्याला राखतात. लहान ठिकाणी कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावलं. बाकी ठिकाणी लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी फवारणी. चिवळीवर फवारलं नाही, तिथले ढेकूण हातानं काढले.

११ ऑगस्ट

घोळीच्या कॅरेटमध्ये काळ्या सुरवंटांची पाच पिल्लं. अंगभर फांद्या फुटलेले काटे, तांबूस डोकं, डोक्यावर दोन शिंगं. आई म्हणाली झाडून टाक. मी दोन दिवस मागितले. पुस्तक उघडलं : छोटा चांदवा. या फुलपाखराची मादी घोळीवर अंडी घालते.

घोळीचा फडशा पडतो आहे, पण ती पुन्हा फुटेल. हे कॅरेट आता त्यांचं.

३० ऑगस्ट

कठड्याच्या आतल्या बाजूला लटकलेल्या दोन कोशांपैकी एक सकाळी सातच्या सुमाराला फुटला. मादी निघाली, केशरी, पंखांच्या टोकांना काळं-पांढरं. बाबा म्हणाले, "हे तर रुईवरचं." आणि चूक त्यांची नव्हती. रुईवर वाढणारं केशरी फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागतं, म्हणून चांदव्याची मादी हुबेहूब त्याचा वेश घेते. नर मात्र काळा, पंखांवर मोठे पांढरे चांद आणि त्यांना निळसर झाक. दुपारी दुसऱ्या कोशातून तो निघाला तेव्हा बाबा खुर्ची टाकून समोरच बसले होते. पंख वाळायला तासाहून जास्त लागला. औषधाची वेळ झाली म्हणून मी खाली बोलावलं, ते आले नाहीत.

५ ऑक्टोबर

ऑक्टोबरचं ऊन लागलं आणि चिवळ पुन्हा पसरली. दोन रिकामी कॅरेट शेजारच्या तुकड्यांनी भरली. परातीतल्या ऑफिस टाइमच्या फांद्या परत वर नेल्या, आता फक्त सहा कॅरेटमध्ये. उरलेल्या सहांमध्येही चिवळ.

बी गोळा करणं चालू आहे. सुकलेल्या फुलामागे लहानशी बोंडं असतात. पिकलं की त्याचं वरचं अर्धं झाकणासारखं निघून पडतं आणि आत वाटीत काळं, मोहरीहून कितीतरी बारीक बी. लॅटिनमध्ये 'पोर्टुला' म्हणजे छोटं दार. पोर्टुलाका हे नाव त्या झाकणावरून पडलं असं म्हणतात. झाकण पडायच्या आधी बोंड खुडायचं, नाहीतर वारा घेऊन जातो. मी वर्तमानपत्राच्या पुड्यांत रंगवार ठेवते आहे. पेरताना बारीक रेतीत मिसळून वरवर भुरभुरायचं, मातीनं झाकायचं नाही. या बियांना उजेड लागतो.

१५ डिसेंबर

पहाटे ११ अंश. वाढ पूर्ण थांबली. चिवळ आखडून मातीला चिकटली आहे, पानं बारीक. पाणी बारा-पंधरा दिवसांतून एकदा. खत नाही. मागच्या आठवड्यात कुणीतरी युरियाचं पाणी द्यायला सुचवलं होतं. नत्रानं फांद्या लांब आणि पाणचट होतात, फुलं कमी येतात आणि ढेकूण धावून येतो. थंडीत तर देऊच नये.

४ फेब्रुवारी

वर्ष झालं. चोवीसपैकी एकवीस कॅरेट भरलेली. पूर्वेच्या उघड्या बाजूसाठी आणखी छत्तीस कॅरेट लागतील. काकांनी येऊन बीम कुठे आहेत ते खडूनं आखून दिलं, आधी त्यांच्यावरूनच रांगा लावायच्या. विटांचा चुरा आणून ठेवला आहे. कोकोपीट अर्धा भाग. सगळं चिवळ आणि बारीक पानांची ऑफिस टाइम. रुंद पानांची नाही, सेडम नाही.

मामींचा फोन आला होता. कांद्याच्या वाफ्यातही यंदा चिवळ दिसत नाही म्हणाल्या. मी दोन कॅरेट त्यांच्यासाठी बाजूला काढली. रविवारी एसटीनं न्यायची. एक त्यांच्या अंगणात आणि एक बांधावर, जिथे मामांनी फवारणी करणार नाही असं कबूल केलं आहे.

आज झाडताना गच्चीच्या पावसाच्या पाइपाजवळ, सिमेंटच्या भेगेत, नखाएवढं रोप दिसलं. समोरासमोर दोन पानं, लाल फांदी, पेराला पांढरा झुपका. भेग बुजवायला हवी, तिथून पाणी मुरेल. बाबांनी ते चिमट्यानं मुळासकट काढलं आणि कॅरेट क्रमांक १७ मध्ये नेऊन लावलं.